तीन नंबर फीडरचा शेवटचा खांब

७ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तुला आशीर्वाद आणि तुझ्या विजेला शिव्या, दोन्ही एकाच पाकिटात पाठवते आहे. त्यातलं काय कुणाला द्यायचं ते तू ठरव.

दोन तारखेच्या वादळात सकाळी सहाला लाइट गेली ती दुपारी चारला आली. नेमका अंड्यांचा अठरावा दिवस. तुला कितीदा सांगितलं तरी तू विसरतोस म्हणून पुन्हा सांगते: एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर येतं, आणि अठराव्या दिवसापासून ते आत टोच मारायच्या तयारीत असतं. तेव्हा उबवणीची पेटी गार पडली तर पिल्लू कवचातच राहतं. पेटीत चार हजार अंडी होती. मी दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघत होते आणि तुझे दाजी दर पाच मिनिटांनी माझं तोंड बघत होते.

शेवटी ते गॅरेजवाल्याकडून जनरेटर घेऊन आले. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर त्यांनी स्वतः तयार केली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं पेटीच्या खोलीतल्या भिंतीच्या प्लगमध्ये. भिंतीतून वीज घ्यायच्या ऐवजी भिंतीलाच वीज द्यायची. अकराला मशीन सुरू झालं. वीसेक मिनिटं चाललं, मग एकदम कण्हलं आणि बंद पडलं ते पडलंच. पुढे चार वाजेपर्यंत आम्ही उकळत्या पाण्याचे डबे आत-बाहेर करत होतो. परवा पिल्लं निघाली. तीन हजार दोनशेच्या आसपास. दाजींची कॉलर त्या दिवसापासून खाली आलेली नाही.

आता तुझ्या खात्याचं. तुमचं वीजकेंद्र म्हणे लाखांनी दाब तयार करतं. मग माझ्या दाराशी येईपर्यंत दिव्याचा काजवा का होतो? मधल्या मध्ये कोण खातं? तू सबस्टेशनवर तीस वर्षं खुर्चीत बसला आहेस, तुला ठाऊक असेलच. कंट्रोल रूमचा फोन कामाचा असतो म्हणून फोनवर विचारत नाही. सवडीने लिही.

तुझी,
ताई

११ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. पिल्लं वाचली हे बरं झालं.

सवडीने लिही म्हणालीस. सवड आहे. मी सध्या रजेवर आहे.

कोणी खात नाही, वाट खाते. वीजकेंद्रात वीज तयार होते तेव्हा तिचा दाब दहा-अकरा हजार व्होल्ट असतो. तिथेच तो वाढवून दोन-चार लाखांवर नेतात, कारण तार तापते ती प्रवाहाने, दाबाने नाही. शंभर हमालांनी एकेक वीट नेली की रस्त्यात गर्दी. दहा हमालांनी दहा-दहा विटा नेल्या तर विटा तेवढ्याच, गर्दी दहावा हिस्सा. दाब वाढवायचा म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर जास्त विटा द्यायच्या. म्हणून लांबचा प्रवास मोठ्या मनोऱ्यांवरून, मोठ्या दाबाने. मग पायऱ्या उतरत येते. माझ्या सबस्टेशनला तेहेतीस हजारांनी पोहोचते. मी ती अकरा हजार करून चार फीडरना, म्हणजे चार वाटांना, देतो. तीन नंबरचा फीडर बेचाळीस किलोमीटर चालत जातो आणि तुझ्या अंगणातल्या खांबावर संपतो. तिथली डबी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, अकरा हजारांचे दोनशे तीस करते. बेचाळीस किलोमीटर बारीक तार म्हटल्यावर हमाल दमणारच. तुझ्याकडे एकशे नव्वद पोहोचत असतील.

एक विचारायचं आहे. त्या डबीला वर-खाली कळत नाही. वरून अकरा हजार दिले तर ती खाली दोनशे तीस देते. खालून कोणी दोनशे तीस दिले तर वर अकरा हजार देईल. म्हणून विचारतो, ती दोन पिनांची वायर लावण्याआधी घराला खांबापासून तोडणारा खटका, घराची मेन, पाडली होती ना? खरं ते लिही.

आमचा लाइनमन खारू तुला आठवत असेल. खांबावर खारीसारखा चढतो म्हणून खारू, तुझ्याकडे नवीन डबी बसवायला आला होता आणि पिल्लं हातात घेऊन बसला होता तो. त्याच्या हाताला लागलं आहे. बाकी सगळं ठीक.

दाजींना नमस्कार.

धाकटा

१६ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

हमालांचं समजलं. माझ्या वाट्याला दमलेले हमाल येतात हेही समजलं.

मेन मी पाडली होती. दाजींनी नव्हे, मी, या हाताने. त्यांच्यावर सोपवलं असतं तर शंका घ्यायला जागा होती. जनरेटर सुरू झाल्यावर मी मुद्दाम घरात जाऊन पाहिलं. एकही दिवा लागला नव्हता. फक्त पेटी चालू होती. म्हणजे मेन पडलेलीच होती. कर नाही त्याला डर कशाला? पण माझ्या धाकट्या भावाने मला ‘खरं ते लिही’ असं लिहावं, याचा राग मी अजून चार दिवस ठेवणार आहे.

आता तू खरं ते लिही. तीस वर्षांत तू स्वतःच्या लग्नाला सहा दिवस रजा घेतलीस. आता रजेवर घरी बसला आहेस म्हणतोस. मला आधी वाटलं, आमचा भाऊ अखेर माणसात आला. तुझ्या बायकोबरोबर इकडे ये, असं लिहिणार होते. तेवढ्यात काल मीटर वाचणारा आला. तो सांगत होता, वादळाच्या दिवशी तुटलेली तार जोडताना एका लाइनमनला शॉक बसला, उजवा हात कोपरापासून कापावा लागला. ऑपरेटरने माणूस खांबावर असताना लाइन चालू केली म्हणे. ऑपरेटरला घरी बसवलं आहे.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी कोंबड्यांचा धंदा करणारी सांगते आहे. तो ऑपरेटर तूच का?

ताई

२० ऑक्टोबर

ताई,

हो, मीच.

निलंबित हा शब्द लिहायचा नव्हता म्हणून रजा लिहिलं. सगळं क्रमाने सांगतो.

खारूला तुटलेली जागा सापडली ती तुझ्याकडून अलीकडे अकरा किलोमीटरवर. त्याने फोनवर लाइन क्लिअर मागितला. लाइन क्लिअर म्हणजे मी फीडर बंद करायचा, कुलूप लावायचं, तारा जमिनीला जोडायच्या, ‘माणसं कामावर आहेत’ ही पाटी लटकवायची आणि मग नोंद करून त्याला नंबर द्यायचा. त्या नंबराचा अर्थ एवढाच की मी सांगतो, तार मेलेली आहे, हात लाव. मी हे सगळं केलं. दहा वाजून पाच मिनिटांनी नंबर दिला. अकरा वीसला त्याला शॉक बसला. कमरेच्या पट्ट्यामुळे तो खांबाला लटकून राहिला आणि वाचला.

नोंदवहीत वेळेवर खाडाखोड आहे. भिंतीवरचं घड्याळ मागे होतं, आधी नऊ पन्नास लिहिलं, मग मनगटावरचं बघून सुधारलं. इतकंच. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. वरच्यांचं म्हणणं सरळ आहे: वीज वरून येते, वर मी होतो, म्हणजे मी चालू केली आणि मग घाबरून पुन्हा बंद करून नोंद फिरवली. फीडरवर जिथे जिथे जनरेटर आहे तिथे विचारलं, तुझ्याकडेही. सगळ्यांनी मेन पाडली होती.

तुझ्यापासून काय लपवायचं. आता मलाच खात्री राहिलेली नाही. मी रोज डोळे मिटून ती खोली आठवतो. हँडल फिरवलं, कुलूप लावलं, पाटी लटकवली. शंभर वेळा केलेलं काम आहे, त्यामुळे आठवतं ते त्याच दिवसाचं की आदल्या वर्षीचं, ते सांगता येत नाही. माझ्याच हातून झालं असेल तर एका माणसाचा हात मी घालवला. बायको म्हणते जेवून घे. जेवतो.

काल खारूला भेटायला दवाखान्यात गेलो. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली नाही. ती पाणी आणायला गेल्यावर खारू म्हणाला, “साहेब, तुम्ही बंद केली होती. चूक माझीसुद्धा आहे. साखळी मी एकाच बाजूला टाकली.”

हे तुला समजावतो. तुटलेल्या तारेला दोन टोकं असतात. काम करण्याआधी दोन्ही टोकांवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर माणसाऐवजी जमिनीत जाते. त्याने सबस्टेशनच्या बाजूच्या टोकाला टाकली. दुसऱ्या टोकाला टाकली नाही. म्हणाला, “खालून कोण वीज पाठवणार, साहेब? खाली तर शेवटचा खांब आहे.” आमच्यात हे बहुतेक सगळे असंच करतात. मी तीस वर्षं पाहतो आहे आणि कधी बोललो नाही.

त्याला कोणत्या टोकाने झटका दिला ते त्याला सांगता येत नाही. पण एक साखळी कमी होती हे चौकशीत कळलं तर दोष त्याच्यावर जाईल आणि त्याला ऑफिसात बसून करायचं काम मिळणार आहे तेही जाईल. त्याला दोन मुली आहेत. म्हणून सतरा नोव्हेंबरच्या चौकशीत मी सांगणार आहे की माझ्याकडून चूक झाली असावी. माझी निवृत्ती दीड वर्षावर आहे. नोकरी गेली तर गेली.

धाकटा

३ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

पत्रात अकरा वीस वाचलं आणि मी लगेच वही काढली. आमचा जनरेटर कण्हून बंद पडला तेव्हा मी थर्मामीटरच्या वहीत वेळ टाकली होती. अकरा वीस. मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, योगायोग आहे, मेन तूच पाडली होतीस ना, मग झालं तर. आणि पिल्लांना पाणी घालायला निघून गेले. पाणी मी आधीच घातलं होतं.

तेव्हापासून हे घरात मुक्यासारखे वावरत होते. मला वाटलं, पिल्लांचा भाव उतरला म्हणून. काल दुपारी ते बाहेर गेल्यावर मी मेनपाशी गेले. लाइट होती. मी मेन पाडली. घरातला पंखा थांबला, दिवा गेला. मग पेटीच्या खोलीत गेले. पेटी चालू होती.

हात पुन्हा मेनवर नेऊन पाहिला. खालीच होती. पेटीचा पंखा फिरत होता, आतला दिवा लागलेला होता.

दाजी येईपर्यंत मी मेन पाडलेलीच ठेवली. ते अंधाऱ्या घरात शिरले आणि खाली बसले. मग सांगितलं. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या पोराने खेळताना मेन पाडली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि अख्खी पेटी गेली होती, तुला आठवत असेल. त्यानंतर ह्यांनी पेटीची तार मेनच्या आधीच, थेट मीटरपाशी जोडून घेतली. कोणी चुकून मेन पाडली तरी अंड्यांना धक्का लागू नये म्हणून. मला सांगितलं नाही कारण मी ओरडले असते. तुझं पहिलं पत्र वाचल्यापासून त्यांना शंका होती. बोलायला तोंड उघडत नव्हतं.

म्हणजे जनरेटरची वीज पेटीला गेली, आणि मेनला वळसा घालून मीटरमधून खांबावरच्या डबीला गेली. डबीला वर-खाली कळत नाही, हे तूच लिहिलंस. तिने आपलं काम केलं.

तू बंद केली होतीस. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिते, पुन्हा पुन्हा वाच. तू बंद केली होतीस. खारूला खालून शॉक बसला, माझ्या घरातून. मी त्याच्या ओंजळीत पिल्लं दिली होती, ते दिवसभर डोळ्यांपुढून जात नाही.

मी सतराला येते. तिथे सांगते.

ताई

६ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, मी बंद केली होती. ती म्हणाली, मला माहीत होतं. मला मात्र माहीत नव्हतं. महिनाभरात काल पहिल्यांदा दुपारी झोपलो. हे तुझे उपकार आहेत आणि ते इथेच पुरे कर.

येऊ नकोस. तुझ्या रागाच्या आधी माझं म्हणणं नीट ऐक. खालून वीज आली असं तू सांगितलंस की पुढचा प्रश्न एकच: खालच्या टोकाला साखळी का नव्हती? खारू अडकला. त्यानंतर दाजी. मेनच्या आधी तार घेणं हा गुन्हा आहे, हेतू काही का असेना. मग तुझं उबवणी केंद्र बंद. मी एकटा बोललो तर एका माणसाचं नुकसान होतं, तेही दीड वर्षाचं. तू बोललीस तर तिघांचं. हिशेब न येणाऱ्यालाही हे समजेल.

मला जे जाणून घ्यायचं होतं ते कळलं. बाकीच्यांनी काय समजायचं ते समजू दे. तुझं पत्र मी कपाटात ठेवलं आहे, कुणाला दाखवणार नाही.

एक काम कर. दाजींना सांग, ती तार मेनच्या खाली घ्या. आजच.

धाकटा

१० नोव्हेंबर

माननीय चौकशी अधिकारी यांस,

विषय: दोन ऑक्टोबरच्या अपघाताबद्दल माहिती.

महोदय, मी तीन नंबर फीडरच्या शेवटच्या खांबावरची ग्राहक आहे. माझं अंडी उबवणी केंद्र आहे. अपघाताच्या वेळी, म्हणजे अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्याकडे जनरेटर चालू होता. तुमच्या माणसाने विचारलं तेव्हा मी मेन पाडली होती असं सांगितलं. ते खरं होतं, पण अपुरं होतं. उबवणी पेटीची तार मेनच्या आधी जोडलेली आहे. मेन पाडल्याने ती खांबापासून तुटत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

निलंबित ऑपरेटर माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. म्हणून माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. माणूस पाठवावा. त्याने स्वतः मेन पाडावी आणि पेटीच्या खोलीत जाऊन पाहावं. तो येईपर्यंत मी तारेला कुणालाही हात लावू देणार नाही. जनरेटर परत केला आहे. थर्मामीटरची वही सोबत रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, त्यात वेळ आहे.

जखमी लाइनमनने काय केलं किंवा केलं नाही, याची चर्चा तुम्ही कराल. माझं एवढंच म्हणणं आहे की शेवटच्या खांबाकडून वीज येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही, आणि ती माझ्या घरातून गेली.

आपली विश्वासू,
उबवणी केंद्राची मालकीण

१९ नोव्हेंबर

ताई,

तुला येऊ नकोस म्हणालो, तर तू पत्र पाठवलंस. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुला शब्दांनी काही होत नाही हे मी लहानपणापासून पाहतो आहे.

परवा काय झालं ते सांगतो. दाजी घरी आले असतील, पण त्यांनी नीट सांगितलं नसणार.

ऑफिसच्या बाहेर बाकावर सकाळी नऊपासून दाजी बसलेले होते. तुला ते अंड्यांचे ट्रे आणायला जातो म्हणून सांगून निघाले होते ना? मी विचारलं, तुम्ही इथे कसे? म्हणाले, ट्रे मिळाले नाहीत. चहा दिला तो तसाच हातात धरून ठेवला.

आत मला बोलावलं. मी ठरवल्याप्रमाणे बोलायला सुरुवात केली की माझ्याकडून चूक झाली असावी. अधिकाऱ्यांनी हात वर करून थांबवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांचा माणूस तेराला तुझ्याकडे येऊन मेन पाडून गेला होता, हे तू मला कळवलं नाहीस. मग दाजींना आत घेतलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते उभेच राहिले. म्हणाले, “ती तार मी ओढली. मी अंड्यांचा विचार केला होता, साहेब. खांबावर माणूस असेल याचा नाही केला.” एवढंच बोलले. मी त्यांना वीस वर्षं इंजिनिअर म्हणून चिडवत आलो, आता चिडवणार नाही.

साखळीचा प्रश्न निघालाच. खारू कोपऱ्यात बायकोबरोबर बसला होता, रिकामी बाही पिनेने वर लावलेली. त्याने स्वतःच सांगितलं की एकच टाकली होती. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, एवढी लांबची माणसं खरं बोलायला आली, मग मीच कशाला मागे राहू. अधिकारी वैतागले. म्हणाले, आजवर कुणी चूक कबूल करत नाही म्हणून चौकशी लांबते, इथे जो येतो तो कबूल करतो आहे.

मी सोमवारी कामावर रुजू होतो. खाडाखोडीबद्दल समज मिळाली, ती योग्य आहे. साखळी सगळेच एका बाजूला टाकतात हे मी लेखी दिलं, त्यामुळे खारूचा दोष एकट्याचा धरला गेला नाही. तो माझ्याच कंट्रोल रूममध्ये नोंदवही लिहायला येणार आहे. डाव्या हाताने गिरवतो आहे. निघताना त्याच्या बायकोने मला नमस्कार केला. दाजींकडे पाहिलं नाही. ते मी समजू शकतो, दाजीही समजू शकतात.

आता वाईट भाग. दाजींवर पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील. तोवर तुझ्या केंद्राची वीज खांबावरूनच तोडायचा आदेश आहे, सगळं वायरिंग नव्याने करून तपासणी होईपर्यंत. सत्तावीस तारखेला सकाळी अकराला लाइनमन येईल. त्या दिवशी माझी पाळी आहे, फीडर मीच बंद करणार. दाजींनी सांगितलं की तू पंधराला अंडी भरलीस, म्हणजे बारावा दिवस असेल. पिल्लं निघेपर्यंत थांबा, असं अधिकाऱ्यांना म्हणावं असं तोंडावर आलं होतं. म्हणालो नाही. खारू समोर बसला होता.

मला माफ कर.

धाकटा

२८ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आधी अंड्यांचं सांगते, म्हणजे तुला जेवण जाईल. पंधराला भरली तेव्हा वाटलं होतं, सरकारी काम आणि सहा महिने थांब. सरकार या वेळी बारा दिवसांत हललं. काल पहाटे आम्ही सगळे ट्रे गोधड्यांत गुंडाळून टेम्पोने नदीपलीकडच्या केंद्रात नेले. तिथल्या मालकाला मी दहा वर्षं शिव्या देत आले आहे. त्याने एक शब्द न बोलता अर्धी पेटी रिकामी करून दिली. काही दगावतील, बरीच जगतील. माफी कसली मागतोस? तू म्हणाला असतास थांबा, तर मी तुझ्याशी बोलले नसते.

मग आम्ही अकराच्या आत घरी आलो. फीडर बंद होऊन लाइट गेल्यावर दाजींनी मेन पाडली, पेटीची तार मीटरपासून सोडवली. शेवटचे स्क्रू मी काढले.

लाइनमन आला तो नवीन होता, पन्नाशीचा, समजूतदार. फीडर बंद झाल्याचा तुझा नंबर त्याला मिळाला होता. तो शिडी लावून खाली उभा राहिला आणि चढेना. मी विचारलं, काय झालं? तो सरळ बोलला. म्हणाला, “बाई, राग मानू नका. या घरातून खालून वीज गेली होती. आणि वर बसलेला ऑपरेटरही तोच आहे. साखळ्या टाकायच्या तरी आधी वर जावं लागतं. मला घरी पोरं आहेत.”

त्याचं काय चुकलं? मीही त्याच्या जागी हेच म्हणाले असते. दाजी मान खाली घालून उभे होते. तुझ्यावर आळ आला तो महिनाभर मी कागदावर वाचला होता, काल तो माझ्या अंगणात उभा होता. चौकशीत तू सुटलास, पण खांबावर चढणाऱ्याच्या मनातून सुटला नव्हतास.

मी मीटरची पेटी उघडली. खांबावरून घरात येणाऱ्या दोन्ही तारा सोडवून बाहेर ओढल्या आणि त्यांची उघडी टोकं दोन मुठींत धरून शिडीखाली जाऊन उभी राहिले. चपला काढून ठेवल्या. म्हटलं, आता खालून काही जायचं तर माझ्या हातांतून जाईल, चढा.

तो घाबरला. म्हणाला, सोडा ते, वरून कोणी चालू केली तर तुम्ही मराल.

मी म्हटलं, “वर माझा भाऊ आहे. तो म्हणाला बंद आहे, म्हणजे बंद आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग चढला. साखळ्या दोन्ही बाजूंना टाकल्या, डबीच्या तारा सोडवल्या, अठरा मिनिटं वर होता. तेवढा वेळ तू बेचाळीस किलोमीटरवर तुझ्या खुर्चीत बसला होतास आणि मी इथे अनवाणी उभी होते. तो जमिनीवर उतरेपर्यंत मी टोकं सोडली नाहीत.

तुझी,
ताई